व्हिक्टोरिया स्टेशनवरची चित्रकार

लिलियस ट्रॉटर हे नाव तुमच्यापैकी फार थोड्यांनी ऐकलं असेल. मीही ते लंडनला आल्यावर इथल्या चर्चमध्येच पहिल्यांदा ऐकलं, आणि तेव्हापासून ही बाई मनातून जात नाही.

जन्म १८५३ चा, घर सुखवस्तू. १८७६ मध्ये आईबरोबर व्हेनिसला गेली असताना जॉन रस्किनही तिथेच मुक्कामाला होता. त्या काळी इंग्लंडमध्ये कलेच्या बाबतीत रस्किनच्या शब्दाला फार वजन होतं. आईने मुलीची जलरंगातली चित्रं त्याच्याकडे पाठवली आणि तो हरखूनच गेला. तिला त्याने शिकवलं. पुढे तर सांगून टाकलं, की चित्रकलेला वाहून घेतलंस तर आजच्या काळातली सर्वांत मोठी चित्रकार होशील.

पण लिलियसच्या रात्री जात होत्या व्हिक्टोरिया स्टेशनच्या आसपास. पोटासाठी शरीर विकायची वेळ आलेल्या मुली तिथे असत. ती त्यांच्याशी बोलायची, त्यांना सुरक्षित जागी न्यायची, चार पैसे मिळवता येतील असं काम शिकवायची. शहरात राबणाऱ्या मुलींना दुपारी बसून जेवायलाही जागा नसे, फूटपाथवरच डबा खावा लागे. त्यांच्यासाठी तिने परवडेल असं रेस्टॉरंट काढलं. बायकांसाठीचं लंडनमधलं ते पहिलं, असं म्हणतात. १८७९ मध्ये तिचं ठरलं: रस्किन म्हणतो तसं आयुष्य आपल्याला जगता येणार नाही.

ही गोष्ट सांगताना सगळे ‘केवढा त्याग!’ म्हणतात. मला ते पुरतं पटत नाही, कारण चित्रं तिने सोडलीच नाहीत. १८८८ मध्ये ती मिशनरी म्हणून उत्तर आफ्रिकेतल्या अल्जियर्सला निघाली. तब्येतीचं कारण देऊन मिशन संस्थेने नकार दिला, तर दोन मैत्रिणींबरोबर स्वखर्चाने गेली. अरबीचा गंध नव्हता. पण पुढे चाळीस वर्षं, १९२८ मध्ये मृत्यू येईपर्यंत, तिथेच राहिली. रोजनिशीत इवली इवली जलरंगातली चित्रं काढली आणि तिथल्या लोकांसाठी सचित्र अरबी पुस्तिका केल्या. रस्किनला जी नजर आवडली होती, तीच इथे कामी आली.

लिलियस लंडनमध्ये होती त्याच काळात आपल्या पंडिता रमाबाईही इंग्लंडमध्ये होत्या. १८८३ मध्ये त्या वाँटेज गावातल्या सिस्टर्सकडे, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींकडे आल्या. सिस्टर्सनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातलं आपलं काम दाखवलं. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायका तिथे सावरल्या होत्या, आणि त्यांतल्या काही जणी आता आजाऱ्यांची सेवा करत होत्या. हे सगळं कशासाठी, असं रमाबाईंनी विचारल्यावर एका सिस्टरने योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली: लोक जिला कमी लेखत, तिच्याशी येशू आपणहून बोलला. रमाबाईंजवळ देणगी होती भाषेची. पुढे केडगावला त्यांनी अख्खं बायबल मराठीत आणलं, आणि तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशन या आश्रमातल्या बायकांनी छपाईचे खिळे जुळवून ते छापलं.

आमच्या चर्चच्या हॉलमध्ये आठवड्यातून एक संध्याकाळ बेघर लोकांसाठी जेवण असतं. वाढायला हात पुष्कळ. एक निवृत्त चित्रकला शिक्षिका मात्र कोपऱ्यात कोळशाच्या कांड्या घेऊन बसतात आणि ज्याला हवं त्याचं चित्र काढून देतात. परवा एक गृहस्थ त्यांच्यासमोर बसले. आधी टोपी काढली, बोटांनी केस मागे सारले, जॅकेटची कॉलर नीट केली. रस्त्यावर बसलेल्या माणसाकडे बघायचं आपण सगळेच टाळतो. चित्र काढणाऱ्याला ते टाळता येत नाही; नाकाचा बाक, भुवईवरचा जुना व्रण, सगळं नीट न्याहाळावं लागतं. चित्र हातात आल्यावर ते म्हणाले, “कान अगदी माझ्या बापाचे आलेत.” मग वडिलांबद्दल बोलतच राहिले. इतके आठवडे सूप घेताना ‘थँक्यू’पलीकडे त्यांच्या तोंडून शब्द निघाला नव्हता.

तेव्हापासून माझं लक्ष तिथल्या कपड्यांकडे जायला लागलंय. थंडी तोंडावर आलीय आणि किती तरी जणांच्या कोटांच्या चेन तुटलेल्या, अस्तरं उसवलेली. चेन बसवायला आईने मला लहानपणीच शिकवलंय. पाद्रीसाहेबांना विचारून झालंय. चित्रं काढणाऱ्या बाईंच्या शेजारचं टेबल मोकळं आहे, पुढच्या आठवड्यात मी मशीन घेऊन जाणार आहे.