पंधराव्या लुईचा गेंडा

पॅरिसचे राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालय एका इमारतीत मावणारे नाही. १६३५ मध्ये राजाच्या औषधी वनस्पतींसाठी स्थापन झालेल्या बागेच्या कडेने त्याची दालने पसरलेली आहेत. मी आधी तुलनात्मक शरीररचनेच्या दालनात गेले. १८९८ मध्ये खुल्या झालेल्या त्या लांबलचक दालनात शेकडो सांगाडे प्रवेशद्वाराकडे तोंड करून उभे आहेत. त्यांत एका गेंड्याची हाडे आहेत. मी पाटी वाचली आणि पुढे निघाले, कारण तोवर त्याची हकिकत मला ठाऊक नव्हती.

ती कळली उत्क्रांतीच्या महादालनात. १८८९ मध्ये उघडलेले, १९६५ पासून जवळजवळ तीस वर्षे बंद राहिलेले आणि १९९४ मध्ये नव्याने खुले झालेले हे दालन आफ्रिकी प्राण्यांच्या तांड्यासाठी प्रसिद्ध आहे आणि तो तांडा देखणा आहेच. पण मला थांबवले ते त्याच गेंड्याच्या कातड्याने. हा आपल्याकडचा एकशिंगी गेंडा. बंगालमधील फ्रेंचांच्या चंद्रनगरहून तो पंधराव्या लुईला नजराणा म्हणून पाठवण्यात आला, कित्येक महिने समुद्रावर काढून १७७० मध्ये व्हर्सायला पोहोचला आणि वीस वर्षांहून अधिक काळ राजाच्या प्राणिसंग्रहात राहिला. राजेशाही गेली तरी तो होता. १७९३ मध्ये तो मेला. हे संग्रहालय स्थापन झाले तेही त्याच वर्षी. त्याचे शवविच्छेदन झाले, हाडे वेगळी ठेवली गेली आणि कातडे लाकडी साच्यावर चढवण्यात आले. एवढ्या मोठ्या जनावराचे कातडे असे टिकवण्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी हा एक आहे.

मी बराच वेळ त्याच्या मानेजवळ उभी होते. खांद्यामागची जाड घडी, तिच्याखाली चिलखताच्या पत्र्यासारखा सपाट भाग, त्यावरचे बारीक उंचवटे आणि सव्वादोनशे वर्षांत काळवंडलेला रंग. कुशल हातांनी घडवलेल्या आजच्या नमुन्यांसारखा तो जिवंत भासत नाही, आणि मला तेच अधिक खरे वाटले.

तिथून मी नामशेष झालेल्या व धोक्यात आलेल्या प्रजातींच्या खोलीत गेले. जुनी कातडी आणि पिसे उजेडाने विटतात, म्हणून तिथे प्रकाश अगदी मंद ठेवलेला आहे आणि लोक आपोआप हळू बोलतात. दक्षिण आफ्रिकेतील निळे हरीण इथे आहे. ही जात १८०० च्या सुमारास संपली आणि तिचे पेंढा भरलेले मोजकेच नमुने जगात उरले आहेत. काचेच्या अगदी जवळ गेल्यावर त्याच्या अंगावरचा एकेक केस दिसतो. निळेपणा मात्र मला कुठेच दिसला नाही.

संध्याकाळी बाग ओलांडून मी पुन्हा सांगाड्यांच्या दालनात गेले. या वेळी मी गेंड्याच्या बरगड्यांपाशी थांबले आणि ती खांद्यामागची घडी नेमकी कुठे येत असेल, ते शोधत राहिले.