सहा गोष्टी आणि एक शून्य: ईव्हीव्हीतून आमची एजन्सी कशी पार पडली

मी फिलाडेल्फियाच्या बाहेर एका छोट्या होमकेअर एजन्सीत ऑफिस सांभाळते. ऑफिस सांभाळते म्हणजे बिलिंग, शेड्यूल, केअरगिव्हरच्या टीबी टेस्टचे कागद, फोन, आणि चार वाजताचा चहा पण मीच. मालक गुजराती आहेत, आम्ही सगळे त्यांना भाई म्हणतो. केअरगिव्हर बहुतेक गुजराती बायका, चार-पाच मराठी, बाकी हैती आणि लायबेरियाच्या. परवा इथल्याच एका मराठी ताईंचा फोन आला, त्या स्वतःची एजन्सी काढतायत, म्हणाल्या तू ते ईव्हीव्हीचं, म्हणजे केअरगिव्हरची हजेरी मशीनवर नोंदवायचं, प्रकरण कसं निभावलंस ते जरा सांग ना. फोनवर तासभर बोलून पण संपेना, म्हणून म्हटलं लिहूनच काढू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इथे म्हाताऱ्या किंवा अपंग माणसाला नर्सिंग होममध्ये ठेवण्याइतकी मदत लागत असेल पण त्याला घरीच राहायचं असेल, तर मेडिकेडमधून (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा) घरी माणूस मिळतो, आंघोळ, कपडे, जेवण, औषधांची आठवण, हे सगळं. ग्रीन कार्डवर आलेल्या आई-वडिलांना साधारण पाच वर्षं झाल्याशिवाय मेडिकेड मिळत नाही, त्यामुळे आमच्याकडे येणारे आपले लोक बरीच वर्षं इथे काढलेले असतात. मुलगी किंवा सून पण पगारी केअरगिव्हर होऊ शकते, नवरा-बायको मात्र एकमेकांसाठी नाही (यावर एका काकांनी मला विचारलं होतं, मग चाळीस वर्षं हिने केलं त्याचं काय, मी म्हटलं काका ते आमच्या सिस्टिममध्ये बसत नाही). २०१९ पासून आमच्या भागात हे सगळं कम्युनिटी हेल्थचॉइसेस नावाच्या योजनेत गेलं, म्हणजे आधी राज्य थेट पैसे द्यायचं, आता मधे तीन इन्शुरन्स कंपन्या आल्या. तीन कंपन्या म्हणजे तीन पोर्टल, तीन पासवर्ड, आणि मंजुरीचे कागद तीन तऱ्हेचे.

ईव्हीव्ही म्हणजे इलेक्ट्रॉनिक व्हिजिट व्हेरिफिकेशन. केअरगिव्हर खरंच त्या घरी गेली होती का, याची मशीनकडची साक्ष. डिसेंबर २०१६ मधे ओबामांनी सही केलेल्या ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी क्युअर्स अॅक्टमधे हे आलं. सहा गोष्टी नोंदवायच्या: कुठली सेवा, कोणाला दिली, कोणी दिली, कुठे, कुठल्या तारखेला, आणि किती वाजता सुरू किती वाजता संपली. राज्याने केलं नाही तर केंद्राकडून येणारा पैसा कापला जाणार, सुरुवातीला पाव टक्का आणि वाढत वाढत एक टक्का. ऐकायला एक टक्का, पण मेडिकेडच्या हिशेबात तो प्रचंड असतो, म्हणून राज्यं हलली.

आम्ही मात्र हललो नाही. कारण तारीख सारखी पुढे जायची. आधी जानेवारी २०१९ होती, मग २०२० झाली, मग राज्यांना अजून एक वर्ष मिळालं. दर थोड्या दिवसांनी राज्याच्या लाँग टर्म लिव्हिंग ऑफिसकडून प्रोव्हायडर एजन्सींना मेल यायचा आणि मी तो "नंतर वाचू" या फोल्डरमधे टाकायचे. भाई म्हणायचे, अरे हे तर पुढे जाईलच परत. शिवाय २०२० साली कोविड, आमच्याकडे मास्क नाहीत, ग्लोव्हज नाहीत, केअरगिव्हर घाबरलेल्या, कोणाला पडली होती ईव्हीव्हीची. ऑक्टोबरमधे एक मेल आला तो चुकून उघडला आणि त्यात सरळ लिहिलं होतं की १ जानेवारी २०२१ पासून ईव्हीव्हीत व्हिजिट सापडली नाही तर क्लेम नाकारला जाईल. माझ्या पोटात गोळा आला. कारण आमचा पगार दर दोन आठवड्यांनी जातो आणि भाईंच्या खात्यात दोन पगारांपुरतेच पैसे असतात, तिसरा क्लेमच्या पैशातूनच निघतो.

मग "नंतर वाचू" फोल्डर उघडून दोन रात्री बसले. तेव्हा कळलं की आधी ट्रेनिंग पूर्ण केल्याशिवाय लॉगिनच मिळत नाही. ट्रेनिंग म्हणजे व्हिडिओ, एकामागून एक, आणि बोलणारी बाई इतकी सावकाश बोलायची की मी ते दीडपट वेगाने लावून भाजी चिरत ऐकले.

खोटं कशाला बोलू, कागदी टाइमशीटचा जमाना काही फार सोवळा नव्हता. शुक्रवारी ऑफिसच्या टेबलावर बसून आठवड्याच्या सह्या एकदम व्हायच्या, एकच पेन, एकच शाई, रोज ९ ते २. कुठल्याही माणसाचं आयुष्य रोज बरोब्बर ९ ते २ चालत नाही. त्या बायका काम करत नव्हत्या असं नाही, उलट बऱ्याच जणी जास्तच थांबायच्या, पण कागदावरचा वेळ आणि खरा वेळ यांचा संबंध नव्हता. त्यामुळे ईव्हीव्ही म्हणजे गरीब बायकांवर पाळत असं जे म्हणतात ते मला अर्धंच पटतं. पाळत आहेच. पण आधी जे चाललं होतं त्यात खरी कामाची बाई आणि घरी बसून सही करणारी बाई कागदावर सारखीच दिसायची.

नोंदवायचे रस्ते दोन मुख्य. एक मोबाइल अॅप, ते जीपीएस घेतं. दुसरा, क्लायंटच्या घरच्या लँडलाइनवरून टोल फ्री नंबर फिरवायचा. लँडलाइन आता कोणाकडे असते, आमच्या साठेक क्लायंटपैकी अकरा जणांकडे होती, त्यातल्या दोघांची कंपनीने कधीच कापलेली होती, फोन फक्त टेबलावर शोभेला. म्हणजे अॅप. आणि अॅप म्हणजे केअरगिव्हरचा स्वतःचा फोन, स्वतःचा डेटा. पहिला प्रश्न सगळ्यांचा तोच, डेटाचे पैसे कोण देणार. आपले लोक हा प्रश्न थेट विचारत नाहीत, ते म्हणतात माझ्या फोनवर ते अॅप चालतच नाही ताई. भाईंना मी सांगितलं महिन्याला दहा डॉलर द्या. दोन दिवस घासाघीस झाली, शेवटी दिले, आणि काय आश्चर्य, अॅप सगळ्यांच्या फोनवर चालायला लागलं.

माझी मोठी चूक इथे झाली. मी एक झूम मीटिंग घेतली, सत्तर जणी, स्क्रीन शेअर करून दाखवलं, सगळ्यांनी समजलं समजलं म्हटलं. कोणालाही समजलं नव्हतं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सिस्टिम उघडली तर अर्ध्याहून जास्त व्हिजिट लाल. क्लॉक इन आहे, आउट नाही. आउट आहे, इन नाही. एकीने सकाळी इन केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठवण झाल्यावर आउट केलं, म्हणजे बाई सलग २३ तास ४० मिनिटं ड्यूटीवर. एकीने क्लायंटच्या पार्किंगमधे गाडीत बसून इन केलं कारण आत रेंज नाही. हे सगळं हाताने दुरुस्त करता येतं, कारणाचा कोड टाकायचा, कागद जोडायचा, पण हाताने केलेल्या दुरुस्त्या किती यावर पण राज्याचं लक्ष असतं, आणि मी त्या आठवड्यात रात्री अकरापर्यंत दुरुस्त्याच करत होते.

आणि मग ते शून्य.

ठाण्याच्या एक काकू आमच्याकडे आहेत, आधी बरीच वर्षं न्यूयॉर्कला क्वीन्समधे होत्या, आता आपल्या सासूबाईंसाठी काम करतात. सासूबाई वेगळ्या अपार्टमेंटमधे, सिनियर बिल्डिंगमधे, वय ८४, अर्धांगवायूनंतर उजवा हात गेलेला. काकूंचं क्लॉक इन-आउट सगळं चोख, मिनिटाची चूक नाही, व्हिजिट हिरव्या, आणि तरी क्लेम परत. पुन्हा पाठवला, पुन्हा परत. इन्शुरन्सवाल्यांना फोन केला, ते म्हणे आमच्याकडे व्हिजिट दिसत नाही, राज्याच्या बाजूला विचारा. राज्याच्या हेल्पडेस्कने सांगितलं आमच्याकडे सगळं ठीक आहे, इन्शुरन्सला विचारा. हे तीन आठवडे. एकदा तर ५० मिनिटं होल्डवर ठेवून फोन कट झाला, मी हेडफोन टेबलावर आपटला, भाई केबिनमधून बघत होते, काही बोलले नाहीत, थोड्या वेळाने स्वतः चहा घेऊन आले.

काकूंच्या पगाराचे पैसे भाईंनी पदरचे दिले, पण काकू रोज विचारायच्या, ताई माझं काही चुकलं का. त्यांना वाटत होतं सुनेने सासूचं करून पैसे घेणं हेच कुठेतरी पकडलं गेलंय.

शेवटी एका शनिवारी मी दोन्ही सिस्टिममधून काकूंची माहिती प्रिंट काढून शेजारी शेजारी ठेवली आणि पट्टी लावून ओळ ओळ बघितली, जशी लहानपणी आजी पोथी वाचायची तशी. आणि सापडलं. एका ठिकाणी सोशल सिक्युरिटी नंबर (आपल्या आधारसारखा इथला ओळख नंबर) नऊ आकडी, दुसऱ्या ठिकाणी आठ आकडी. पहिलं शून्य गायब. पूर्वी हे नंबर राज्यानुसार दिले जायचे, न्यूयॉर्कचे ०५० पासून सुरू व्हायचे, त्यामुळे तिथे कार्ड काढलेल्या जुन्या लोकांचे नंबर बरेचदा शून्याने सुरू होतात. मी डिसेंबरमधे सगळ्या केअरगिव्हरची यादी एक्सेलमधे करून अपलोड केली होती, आणि एक्सेलला सुरुवातीचं शून्य दिसलं की ते खाऊन टाकतं. म्हणजे एका सिस्टिममधल्या काकू आणि दुसऱ्या सिस्टिममधल्या काकू या दोन वेगळ्या बायका होत्या. हेल्पडेस्कवाले दोघंही खरंच सांगत होते.

मग यादी चाळली तर अशा अजून सहा जणी, सगळ्या न्यूयॉर्क किंवा कनेक्टिकटहून आलेल्या. सात शून्यं परत लावली, क्लेम परत पाठवले, पुढच्या दोन-अडीच आठवड्यांत पैसे आले. यावर मी रडले का, तर हो, थोडीशी, गाडीत. (एक्सेलमधे तो कॉलम आधी टेक्स्ट करा आणि मगच नंबर टाका. हे एक वाक्य मला नोव्हेंबरमधे कोणी सांगितलं असतं तर.)

लाल व्हिजिट कमी कशा केल्या ते पण सांगते, कारण त्या ताईंनी तेच जास्त विचारलं होतं. झूम सोडून दिलं. फेब्रुवारीत मी डबल मास्क लावून घरोघर गेले, शिफ्ट सुरू व्हायच्या आणि संपायच्या वेळी, आणि त्यांच्याच फोनवर त्यांनाच करायला लावलं. तिथे गेल्यावर जे कळतं ते ऑफिसात कळत नाही. एका बाईंचा फोन मुलाने सेट केलेला, लोकेशन बंद, कारण बॅटरी खातं. एका गुजराती बेनना इंग्रजी वाचता येत नव्हतं, त्यांनी झूमवर हे सांगितलंच नाही, लाजेने. मी त्यांना बटणांचे रंग आणि जागा दाखवल्या, तीन दिवस रोज दोन वेळा फोन केला, चौथ्या दिवसापासून गरज पडली नाही. लायबेरियाच्या एक दीदी क्लायंटला डायलिसिसला घेऊन जायच्या आणि तिथूनच सुटायच्या, त्यांना वाटायचं आउट करायला परत घरीच यायला हवं, म्हणून त्या करतच नव्हत्या. नियमात तसं नाही, व्हिजिट बाहेर संपू शकते, फक्त सिस्टिम विचारते की हे ठिकाण वेगळं का, तेवढं मला सांगून ठेवायचं.

आणि एक सवय लागली, रोज सकाळी नऊला कालच्या व्हिजिट बघायच्या. आठवडाअखेरी बघितलं तर कोणाला काही आठवत नाही, काल म्हटलं की लगेच आठवतं, हो ताई, आजी पडता पडता वाचल्या त्या गडबडीत राहिलं.

मेल आता मी सगळे वाचते. होम हेल्थला (म्हणजे नर्स वगैरे घरी येतात त्याला) पण ईव्हीव्ही लागू करायची केंद्राची मुदत २०२३ ची होती, त्याच वर्षी एप्रिलपासून कोविडमुळे थांबलेलं मेडिकेडचं रिन्यूअल परत सुरू झालं, ते आम्ही आधीच सगळ्या क्लायंटच्या घरी सांगून ठेवलं होतं, नाहीतर पाकीट येतं, कोणी उघडत नाही, आणि सेवा बंद. मे २०२४ मधे केंद्राचा नियम आला की या प्रकारच्या सेवांच्या पैशातले ८० टक्के केअरगिव्हरच्या पगाराला गेले पाहिजेत, सहा वर्षांची मुदत देऊन. भाईंना वाचून दाखवला तर ते बराच वेळ कॅल्क्युलेटर घेऊन बसले. मला विचाराल तर नियम चांगला आहे, पण उरलेल्या २० टक्क्यांत माझा पगार, भाडं, इन्शुरन्स आणि ते दहा डॉलर पण आहेत, मोठ्या एजन्सीला ते जमेल, आमच्यासारख्यांचं काय ते बघू.

त्या ठाण्याच्या काकूंचं सांगायचं राहिलं. त्यांच्या सासूबाईंना सुरुवातीला हे अजिबात आवडलं नव्हतं. मी घरी गेले तेव्हा मला म्हणाल्या, सून घरात आली की आधी फोनला नमस्कार करते, मग मला. पण मग त्यांनाच त्याचा नाद लागला. दोनला पाच कमी असले की डाव्या हाताने काठी टेबलावर आपटायच्या, अगं तुझं ते आउट कर. काकू मधे आठवडाभर आजारी होत्या तेव्हा मी लायबेरियाच्या दीदींना पाठवलं, आजींना इंग्रजी येत नाही, दीदींना मराठी येत नाही, मला धाकधूक. सोमवारी सकाळी नऊला उघडून बघितलं तर पाचही व्हिजिट हिरव्या, आउट रोज १:५९ किंवा २:००. दीदींना फोन करून म्हटलं वा, अगदी वेळेवर. त्या हसल्या, म्हणाल्या ती आजी काठी आपटते आणि माझ्या पर्सकडे बोट दाखवून फोन फोन ओरडते, मी घाबरून करते.