भोकाचं पोस्टकार्ड

बडोद्यात आठवीत असताना चित्रकलेच्या सरांनी सगळ्या वर्गाला घरून एकेक जुनं पोस्टकार्ड आणायला सांगितलं. ऑफिसातलं पंच मशीन आणून प्रत्येकाच्या कार्डाला भोक पाडून दिलं आणि आम्हाला मागच्या व्हरांड्यात नेलं. दुपारचे चार वाजले असतील. समोर चुना लावलेली भिंत होती, अर्धी उन्हात आणि अर्धी सावलीत.

"सावलीतल्या भिंतीचा रंग कोणता?"

"पांढरा," आम्ही एका सुरात म्हणालो. मागून कुणीतरी "करडा" म्हणालं.

"आता कार्ड हातभर लांब धरा, एक डोळा मिटा आणि भोकातून दिसतो तेवढाच तुकडा बघा."

मी बघितलं, तर तो तुकडा चक्क निळा होता. कार्ड उन्हाच्या बाजूला सरकवलं तर पिवळसर. सावलीवर सूर्याचा थेट उजेड पडत नाही, आकाशाचा पडतो, म्हणून ती निळसर, हे सरांनी मागाहून समजावलं. पण आधी त्यांनी आम्हाला बघू दिलं. त्या दिवशी घरी जाताना रावपुऱ्यापासून दांडियाबाजारापर्यंत मी प्रत्येक ओट्याची सावली भोकातून बघत गेलो.

त्याच वर्षी सर आम्हाला कीर्ती मंदिरात घेऊन गेले. नंदलाल बोसांनी १९३९ ते १९४६ या काळात तिथल्या भिंती रंगवल्या. गंगावतरणाच्या चित्रासमोर आम्ही पोरं जवळ जाऊन रेषा बघायला लागलो, तर सरांनी सगळ्यांना मागे ओढलं. "डोळे किलकिले करा. बारीक काम जाऊ दे. आता सांगा, उजेड कुठे आहे?" किलकिल्या डोळ्यांनी बघितलं की रेषा विरतात आणि चित्राचा सांगाडा वर येतो. ती सवय माझ्या डोळ्यांना तेव्हा लागली ती कायमची.

मला फाइन आर्ट्सला जायचं होतं, वडिलांना मी इंजिनिअर व्हायला हवा होतो. त्या काळातल्या घराघरातलीच ही गोष्ट, म्हणून लांबवत नाही. मी कलाभवनात, म्हणजे इंजिनिअरिंगलाच गेलो. दादासाहेब फाळके ज्या कलाभवनात शिकले, तेच पुढे विद्यापीठाचं टेक्नॉलॉजीचं कॉलेज झालं, हे सरांनीच मला सांगितलं. माझा उतरलेला चेहरा बघून सांगितलं असणार.

पुढे अमेरिकेत माझी सगळी नोकरी इमेज सेन्सरवर झाली. कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी बसणारी सिलिकॉनची चकती, तिचं काम. १९६९ साली बेल लॅब्जमध्ये बॉइल आणि स्मिथ यांनी सीसीडीची, म्हणजे अशाच एका सेन्सरची, कल्पना मांडली, आणि तिच्यासाठी २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. प्रकाश सिलिकॉनवर पडला की इलेक्ट्रॉन सुटतात. ते चकतीवरच्या प्रत्येक बारीक घरात, म्हणजे पिक्सेलमध्ये, साठवायचे आणि मग ओळीनं पुढच्या घरात ढकलत टोकाला नेऊन मोजायचे. श्रमदानाच्या दिवशी आपण रांगेत उभं राहून बादल्या हातोहात झाडांपर्यंत पोचवायचो, अगदी तसंच. १९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसननं केलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यात अशी फक्त दहा हजार घरं होती, आणि एक काळंपांढरं चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत.

पण या घरांना फक्त उजेड कळतो, रंग कळत नाही. त्यावरचा उपाय कोडॅकच्याच ब्राइस बायर यांनी काढला, त्याचं पेटंट १९७६ चं. प्रत्येक घरावर एकाच रंगाची काच बसवायची. चार घरांत दोन हिरवी, एक तांबडं, एक निळं. हिरवी जास्त, कारण आपल्या डोळ्याला बारकावा हिरव्या उजेडात सगळ्यात चांगला दिसतो. तांबड्या घराला निळं आणि हिरवं किती, ते शेजारच्या घरांवरून ताडायचं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी टेबलावरून उठून खिडकीशी जाऊन उभा राहिलो. लाखो भोकांची पोस्टकार्डं! प्रत्येकातून एकच तुकडा दिसतो, आणि चित्र मात्र शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय पुरं होत नाही. सर पॅलेटवर रंग कालवताना नेमकं हेच म्हणायचे, "रंग एकटा बघू नकोस, शेजारी काय आहे ते बघ."

एकदा सुट्टीत बडोद्याला येताना चाचणीचा एक कॅमेरा बरोबर आणला आणि आईचा फोटो काढला. आईचं पातळ पांढऱ्या-काळ्या बारीक चौकडीचं. फोटोत त्या पातळावर निळे-नारिंगी पट्टे लहरत होते. चौकडी सेन्सरच्या घरांपेक्षा बारीक पडली की शेजाऱ्यांवरून काढलेला अंदाज चुकतो आणि नसलेले रंग उमटतात. यावर उपाय म्हणजे सेन्सरपुढे स्फटिकाची पातळ काच बसवून प्रतिमा जराशी पुसट करायची. चांगलं भिंग घेऊन मुद्दाम पुसट कशाला करायचं, असं म्हणणारे माझ्याबरोबर बरेच होते. मला कुणी पटवावं लागलं नाही. मी कीर्ती मंदिरात डोळे किलकिले केले होते.

दर रविवारी जलरंग चालूच होते. सूरसागर तलावाची संध्याकाळ मी किती वेळा केली असेल, त्याची मोजदाद नाही. पाण्यावरचा तो तांबूस उजेड मला अजून धरता आलेला नाही. दिवसा सायन्स आणि सुट्टीला कला, असं लोक माझ्याबद्दल कौतुकानं म्हणतात. मला ती दोन कामं कधी वाटलीच नाहीत. सोमवारी सेन्सरचे आकडे बघताना आदल्या दिवशीचा वॉश, पाणीदार रंगाचा हात, डोळ्यांसमोर असायचा.

दोन वर्षांनी आलो तेव्हा नवा कॅमेरा होता आणि त्यात ती काच होती. संध्याकाळी माजघरात आईला तेच पातळ नेसून बसवलं आणि फोटो काढला. चौकडी स्वच्छ आली, पट्टे नाहीत. परत गेल्यावर त्याचा मोठा प्रिंट काढला आणि पुढच्या खेपेला सरांना दाखवायला घेऊन गेलो. सर तेव्हा थकले होते, खुर्चीतून उठवत नव्हतं. त्यांनी फोटो हातभर लांब धरला, डोळे किलकिले केले आणि बराच वेळ बघत राहिले.

"चेहरा छान आलाय रे तुझ्या आईचा," म्हणाले. मग बोट गालाच्या सावलीवर नेलं. "इथे हिरवा जास्त झालाय. ट्यूबलाइटमध्ये काढलास?"

ट्यूबलाइटमध्येच काढला होता. तिच्यातल्या पाऱ्याच्या वाफेचा उजेड हिरव्यात जोर धरतो, हे मला नीट माहीत होतं आणि कॅमेऱ्यात त्याची दुरुस्ती मी स्वतः बसवली होती. परत गेल्यावर मूळ फाइल उघडून गालाच्या सावलीतले आकडे काढले. हिरवा जास्त होता.