पेजेआधी घेतलेली गोळी

आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात दारू सोडायला आलेल्या माणसाची विडी कोणी काढून घेत नाही. 'आधी दारू सुटू दे, विडीचं मागाहून बघू,' असं मीही १५ वर्षं सांगत आले. मग १९९६ साली अमेरिकेत छापून आलेला एक अभ्यास वाचनात आला. दारूवर उपचार घेऊन गेलेल्यांमध्ये पुढे दारूपेक्षा तंबाखूने मेलेले जास्त निघाले होते. तेव्हापासून ते वाक्य माझ्या तोंडून निघत नाही.

गोव्यातल्या डिचोलीकडचा खाणीवरचा ट्रक ड्रायव्हर हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, मोसमात दाखल झाला. नवव्या दिवशी हाताची थरथर थांबली आणि स्वतःच म्हणाला, "सिस्टर, विडी सोडायची पण गोळी असते म्हणे?" असं आपणहून विचारणारे मी बोटांवर मोजण्याइतकेच पाहिलेत.

डॉक्टरांनी व्हॅरेनिक्लीन लिहिलं. ब्युप्रोपिऑन मुद्दाम टाळलं, कारण दारू नुकतीच तुटलेली असताना त्याने फिट येऊ शकते. व्हॅरेनिक्लीन मेंदूत निकोटीनच्या जागी जाऊन बसतं, त्यामुळे तलफ उतरते आणि विडी ओढली तरी पूर्वीची मजा येत नाही. पहिले ३ दिवस अर्धा मिलिग्रॅम एकदा, पुढचे ४ दिवस दोनदा. आठव्या दिवशी विडी बंद आणि १ मिलिग्रॅम सकाळ-रात्र, असे एकूण १२ आठवडे. शिवाय त्याला डायसल्फिरामही चालू होतं, म्हणजे दारू प्यायल्यास त्रास होणारी गोळी.

व्हॅरेनिक्लीनचा आठवा दिवस रविवार होता, भेटीचा. सकाळी त्याने काळ्या चहाबरोबर ती गोळी घेतली, पेज यायच्या आधी. थोड्या वेळाने नळापाशी भडाभडा उलटी. आमच्याकडे उलटी म्हटली की दारूच, दुसरं काही कोणाच्या डोक्यात येत नाही. अटेंडंट ओरडला, "कोणीतरी बाहेरून आणून दिलीय!" बायको समोर उभी असताना त्याची पिशवी जमिनीवर उपडी केली. लुंगी, दोन बनियन, तेलाची बाटली. बाटलीचं झाकण उघडून वाससुद्धा घेतला.

मी चार्ज घेत होते, धावत आले. नाडी ८२, बीपी १२४/८०. डायसल्फिरामवर दारू पोटात गेली असती तर चेहरा लालबुंद झाला असता, छाती धडधडली असती, डोकं फुटायला आलं असतं. त्याचा चेहरा पांढराफटक होता. मळमळ हा व्हॅरेनिक्लीनचा सगळ्यात नेहमीचा त्रास. ते खाल्ल्यानंतर, भरपूर पाण्याबरोबर घ्यायचं असतं. चार्टवर मात्र नुसतं 'सकाळ-रात्र' होतं. अक्षर माझंच.

मी सगळ्यांसमोर सांगितलं, "भाऊंनी दारू घेतलेली नाही, चूक माझी आहे." तो काही बोलला नाही. बनियनची घडी घालत बसला. एक घडी त्याने दोनदा मोडून पुन्हा घातली. दुसऱ्या दिवसापासून पेजेनंतर गोळी सुरू केली, आणि उलटी परत झाली नाही. अटेंडंटने मात्र अजून माफी मागितलेली नाही. मी वरिष्ठांकडे लेखी दिलं, त्याचंही पुढे काही झालं नाही.

डिस्चार्जनंतर गोळ्यांचं पाकीट न्यायला वहिनी येतात. विडी सुटलीय, दारूही नाही. मागच्या वेळी मी विचारलं, "भाऊ कुठे आहेत?"

"गेटाबाहेर रिक्षेत बसलेत," त्या म्हणाल्या. "आत नको म्हणतात."