पाहुण्यांसाठी गाद्या निवडताना

कोकणातल्या वेळणेश्वर गावातल्या आमच्या घरातल्या तीन खोल्या पाहुण्यांसाठी उघडल्या, त्याला येत्या दिवाळीत सहा वर्षं होतील. जेवणाखाण्याची मला चिंता नव्हती. मोदक, आंबोळ्या, सोलकढी हे सगळं हातचं होतं. झोपण्याची व्यवस्था मात्र आम्ही बाजारात जाऊन अर्ध्या तासात उरकली होती. तीच नीट लावायला मला पुढे दोन वर्षं लागली.

आमच्याकडे समुद्रासाठी येणारी तरुण मंडळी असतात, पण निम्मे पाहुणे कुलदैवताला येतात. कुणाचा वेळणेश्वर, कुणाचा गुहागरचा व्याडेश्वर, आणि आलेत तसं हेदवीच्या दशभुजा गणेशाचंही दर्शन. एका गाडीत सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा, मुलगा-सून, नातवंडं. घाट उतरून, खड्डे सोसून आलेल्या या माणसांना सगळ्यात आधी पाठ टेकायला जागा हवी असते. खोल्या सुरू करताना हा विचार मी केलाच नव्हता.

पहिल्या वर्षी महाशिवरात्रीला पुण्याच्या एक आजी आल्या होत्या. दोन्ही गुडघे दुखरे. पहाटे पाच वाजता मी चूल पेटवायला उठले, तर खोलीचं दार अर्धवट उघडं आणि आजी पलंगाशेजारी जमिनीवर, दोन पांघरुणं अंथरून त्यावर झोपलेल्या. मला कसंसंच झालं. चहा देताना विचारलं, तर म्हणाल्या, “अगं, गादीत रुतायलाच होतं. कूस बदलायची म्हटलं तर कशाला धरू? आणि पलंग एवढा उंच, रात्री उठले तर पाय जमिनीला पोचेनात.” तक्रारीचा सूर नव्हता. उलट मलाच समजावत होत्या.

त्या गेल्यावर मी त्याच पलंगावर झोपले. मधोमध खळगा पडला होता. गादी घेऊन जेमतेम एक पावसाळा झाला होता. दुकानदाराने ४० डेन्सिटीचा फोम म्हणून दिली होती. डेन्सिटी म्हणजे काय ते तेव्हा विचारायला हवं होतं. एक घनमीटर फोमचं वजन जितके किलो, तितकी त्याची डेन्सिटी. आमची गादी ७२ बाय ३६, जाडी ४ इंच. म्हणजे साधारण ०.१७ घनमीटर. ४० डेन्सिटीच्या हिशेबाने ती पावणेसात किलोच्या आसपास भरायला हवी. तांदळाच्या गोण्या तोलायचा हुकाचा काटा आमच्याकडे आहे, त्याला दोरीने बांधून टांगली. खोळीसकट चार किलोसुद्धा भरली नाही. सहाही गाद्या तशाच. दुकानात गेल्यावर “वापरलेला माल परत होत नाही” एवढंच उत्तर मिळालं. मनाला लागलं, कारण ते पैसे बचत गटाच्या कर्जाचे होते. आता फोमची कुठलीही वस्तू घेताना मी आधी वजन करून मागते.

पलंगाची कथा वेगळीच. प्लायवूडचे, खाली सामान ठेवायचा बॉक्स असलेले पलंग आम्ही घेतले होते, जागा वाचते म्हणून. कोकणात ते चालत नाहीत, हे मी अगदी ठामपणे सांगेन. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथली हवा पिळून काढावी अशी दमट असते. बॉक्सच्या आत वारा नाही, वर गादीचा खालचा भाग फळीला घट्ट चिकटलेला. गणपतीच्या आधी साफसफाईला गादी उचलली तेव्हा खालून हिरवट काळी बुरशी धरलेली होती आणि खोलीत जो कुबट वास यायचा त्याचं मूळ सापडलं. तोवर मी खोलीत उदबत्त्या लावत होते.

आमच्या गावातल्या सुतारदादांना बोलावलं. घरचंच फणसाचं लाकूड माळ्यावर पडून होतं. ते म्हणाले, “वहिनी, चार पाय नि आडव्या पट्ट्या, बाकी काही नको.” पट्ट्यांमध्ये दोन-दोन बोटांची फट ठेवली. उंचीसाठी सासूबाईंना खुर्चीवर बसवलं, पावलं जमिनीवर सपाट टेकलेली, आणि जमिनीपासून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंत टेपने मोजलं. सोळा इंच. गुडघे दुखणाऱ्याला याहून दोन-अडीच इंच उंच जागेवरून उठणं सोपं जातं. गादी पाच इंची धरली, म्हणून लाकडी चौकट साडेतेरा इंच केली. आधीचा पलंग गादीसकट चोवीस इंच होता. आजींचे पाय का लोंबकळत होते ते तेव्हा कळलं. दुहेरी पलंग मुद्दाम एकही केला नाही. ३६ इंची एकेरी पलंग केले, जोडता येतील असे. नवरा-बायको आले तर जोडायचे, दोन मैत्रिणी किंवा सासू-सून आल्या तर वेगळे. लांबी ७२ ऐवजी ७८ घेतली. सहा फुटी माणसाच्या टाचा पट्टीवर आपटू नयेत म्हणून.

मग गादी. मला मनापासून कापसाची हवी होती. आम्ही सगळे त्यावरच वाढलो. गादीवाल्याला बोलावून एक भरूनही घेतली, दहा किलो कापूस लागला. थंडीत त्या गादीसारखं सुख नाही. पण कापूस ओल धरतो, त्याला ऊन दाखवावं लागतं, आणि आषाढात ऊन आणायचं कुठून? दहा-अकरा किलोची गादी रोज उचलून झटकणं मदतीला येणाऱ्या ताईंनाही जड जायला लागलं. दोन वर्षांत गाठी झाल्या, म्हणजे पुन्हा पिंजून घेणं आलं. ती एक गादी आम्ही आमच्या खोलीत ठेवली.

शेवटी काथ्याच्या गादीवर आलो. नारळाच्या सोडणाचा काथ्या कुरळा करून त्यावर रबराचा चीक फवारतात आणि दाबून त्याचा ठोकळा करतात. धाग्याधाग्यात हवा खेळती राहते, म्हणून घाम जिरतो, ओल साचत नाही. घ्यायच्या आधी मी नमुन्याच्या दोन गाद्या घरी आणवल्या, एक नुसता काथ्या, दुसरीत वर इंचभर लेटेक्स, म्हणजे रबराच्या चिकाचा फोम. दोन्हींवर मी आणि सासूबाई आठ-आठ रात्री झोपलो. दुकानात बसून, हाताने दाबून काही कळत नाही. उताणं झोपायचं आणि कमरेखाली तळहात सरकवून बघायचा. आरपार सहज गेला तर गादी फार कडक. शिरतच नसेल आणि कंबर खाली गेल्यासारखी वाटत असेल तर फार मऊ. नंतर कुशीवर वळायचं, खांदा दुखतो का बघायचं. सासूबाईंचं मत पहाटेच्या पहिल्या पाच मिनिटांवर असायचं, उठताना हात टेकला तर गादी हाताला उलटा जोर देते की नाही. लेटेक्सवाली दोघींना पसंत पडली. चार इंच काथ्या, एक इंच लेटेक्स.

शहरातून येणाऱ्या काहींना तीही कडक वाटते. त्यांच्यासाठी प्रत्येक कपाटात दीड इंची पातळ दुलई ठेवली आहे, ती गादीवर अंथरून द्यायची. कडक गादी अशी मऊ करता येते. मऊ गादी कडक करायला मात्र काही उपाय नाही, त्यामुळे निवडताना चूक व्हायचीच असेल तर कडकपणाच्या बाजूने झालेली बरी. जोडपलंगाची मधली फटही त्या दुलईखाली झाकली जाते.

लहान मुलं आली की गादी ओली होण्याची भीती. सुरुवातीला मेणकापड घालत होते. चुरचुर आवाज येतो आणि मोठ्यांना पाठीला घाम सुटतो. आता वरून टॉवेलसारखं सुती आणि खालून पाणी न झिरपणारा पातळ थर असलेली आवरणं घातली आहेत. चार कोपऱ्यांना इलॅस्टिक, काढून धुता येतात. गादीपेक्षाही मला हीच खरेदी जास्त मोलाची वाटते.

चादरींवर मी फार दिवस घालवले. तयार एकेरी चादर बहुतेक ६० बाय ९० मिळते. गादी ७८ लांब, दोन्ही टोकांना पाच-पाच इंच उतरली की ८८ झाले, खोचायला दोन इंच उरले. सुती कापड पहिल्या दोन धुण्यांत आटतं, मग तेही संपतात. पाहुणा रात्रभर कूस बदलतो आणि सकाळी चादरीचा बोळा होऊन पायाशी आलेला असतो. म्हणून इचलकरंजीहून पांढऱ्या सुती कापडाचा तागाच आणवला, ६३ इंच पन्ह्याचा. आधी तो धुऊन आटवला, मग तीन-तीन मीटरचे तुकडे करून शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या ताईकडून दुमडून शिवून घेतले. तीन मीटर म्हणजे ११८ इंच. दोन्हीकडे पंधरा-पंधरा इंच गादीखाली जातात, चादर हलत नाही. विण साधी, सुताची संख्या, म्हणजे एका चौरस इंचातले उभे-आडवे धागे, दोनशेच्या आसपास. तीनशे-चारशेची सॅटिन हाताला रेशमासारखी लागते खरी, पण ती वाळायला वेळ घेते. टेरिकॉट मिश्रणाची लवकर वाळते पण एप्रिल-मेच्या उकाड्यात अंगाला चिकटते. पांढराच रंग का, असं सगळे विचारतात. आमच्याकडे जांभ्याची लाल माती पायाला लागून येते, डाग पडतातच. पण पांढरं कापड उकळत्या पाण्यात घालता येतं. आणि ढेकणाचा काळा ठिपका पांढऱ्यावर लगेच दिसतो. दर सोमवारी बॅटरी घेऊन गाद्यांच्या शिवणी तपासण्याचा नेम मी चुकवत नाही.

प्रत्येक पलंगाला चादरींचे तीन जोड पुरतात असं वाटलं होतं. एक अंथरलेला, एक धुण्यात, एक कपाटात. पावसाळ्यात चौथा लागतो, कारण पडवीत दोऱ्या बांधून पंख्याखालीसुद्धा चादर कधीकधी दोन दिवस दमट राहते. दमट चादर पाहुण्याला घालायची नाही म्हणजे नाही. इस्त्री फिरवताना वाफ उठली तर ती परत दोरीवर जाते.

पांघरायला सोलापुरी चादरी. पाहुण्यांना त्या फार आवडतात, दोन्हीकडून सारखी नक्षी बघून मुलं उलटी-सुलटी करत बसतात. पण जाड चादर दर पाहुण्यामागे धुणं होत नाही. त्यासाठी धोतराच्या पोताच्या पातळ खोळी शिवल्या. अंगाला लागते ती खोळ, आणि ती रोज धुता येते.

उशांचं मात्र अजून पूर्ण जमलेलं नाही. सासूबाई काटेसावरीच्या कापसाच्या उशा करायच्या. चैत्र-वैशाखात बोंडं फुटायला लागली की त्या परडं धुंडाळायच्या. मागल्या दारी बसून एकेक सरकी काढायच्या, तो कापूस इतका हलका की जरा वारा आला की पदरावर, केसांत, भुवयांवर म्हातारी बसल्यासारखा. उशी थंड आणि डोक्याखाली लोण्यासारखी. पण धुता येत नाही, आणि एका पाहुण्याला शिंका थांबेनात. त्यामुळे खोलीत धुता येणाऱ्या फायबरच्या उशा असतात, प्रत्येक माणशी एक उंच, एक पातळ. बुकिंगच्या फोनवरच मी विचारते, मान दुखते का, गुडघ्याचं दुखणं आहे का, रात्री उठावं लागतं का. पहिल्यांदा विचारताना संकोच वाटला होता. आता लोक स्वतःहून सांगतात, “आईला भिंतीकडची बाजू नको हं.” सावरीची उशी मागितली तरच काढते, नवा अभ्रा घालून.

यंदा माडीवरची चौथी खोली तयार होते आहे. तिथे कौलांची धग खाली उतरते, वारा मात्र भरपूर. खालच्याच गाद्या तिथे चालतील असं हे म्हणतात. मी एक गादी वर नेऊन ठेवली आहे. मे महिन्यात आठ रात्री झोपून झाल्या, लेटेक्सचा थर वर जरा गरम लागला. आता आषाढात पुन्हा आठ रात्री झोपेन आणि मगच उरलेल्या दोन गाद्या मागवेन.