मेहेरगढचा ताईत: तिसरं ओतकाम

मेहेरगढच्या प्राचीन ताइताची प्रतिकृती ओतायचा माझा प्रयत्न मागच्या दोन्ही वेळा फसला होता. पहिल्यांदा वितळलेल्या धातूचा रस चाकाच्या तीन आऱ्यांपर्यंत पोचलाच नाही. दुसऱ्यांदा नाशिकच्या भर पावसात साचा नीट वाळला नव्हता, तो भाजतानाच तडकला. या वेळी साचे आठ दिवस घरात पंख्याखाली ठेवले, मग भट्टीच्या कडेला.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. बलुचिस्तानातल्या मेहेरगढला सापडलेला हा तांब्याचा ताईत सुमारे ६००० वर्षांपूर्वीचा, जेमतेम २० मिमीचा, सहा आऱ्यांचं चाक. फ्रान्समध्ये सिंक्रोट्रॉनवर (अतिशय तीव्र प्रकाशकिरण देणाऱ्या यंत्रावर) झालेली त्याची तपासणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. धातू जवळजवळ पूर्ण गंजलेला, पण त्या गंजातच मूळची बारीक काड्यांची नक्षी शाबूत होती. अशी नक्षी तांबं आणि क्युप्रस ऑक्साइड (तांबं आणि ऑक्सिजनचं संयुग) एकत्र गोठताना तयार होते. म्हणजे वितळलेल्या शुद्ध तांब्याने हवेतला ऑक्सिजन शोषला होता.

मी मधमाशीच्या मेणात थोडी राळ घालून काचेवर काड्या वळल्या, कड्यावर ठेवल्या आणि मधोमध अंगठ्याने दाबल्या. या मेणाच्या नमुन्याभोवती साचा करायचा, मेण वितळवून काढायचं आणि उरलेल्या पोकळीत धातू ओतायचा. ओतायच्या मार्गासकट मेण भरलं ४ ग्रॅम. बाराव्या शतकातल्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात तांब्या-पितळेला मेणाच्या आठपट धातू सांगितलाय. घनतेचा हिशोब नऊपटीच्या थोडा वर जातो. मी ४५ ग्रॅम घेतलं, मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, थोडं चिकटून राहतंच.

तांबट आळीतले एक काका म्हणाले होते, "मूस उघडी ठेवलीस तर रस हवा खातो, वर कोळशाचा चुरा टाक." म्हणून दोन नग केले, एक उघड्या मुशीतून आणि एक कोळशाखालून. दोन्ही पूर्ण भरले! साचा फोडला तेव्हा माझ्या नखाची चंद्रकोर तांब्यात जशीच्या तशी उतरलेली होती. ती बराच वेळ बघत बसलो.

मग दोन्ही मधोमध कापले, २००० नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत घासून चमकवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले. उघड्या मुशीतल्या नगात तांब्याच्या स्फटिककणांच्या कडेने निळसर करड्या ठिपक्यांची जाळी. ध्रुवित प्रकाशात तेच ठिपके माणकासारखे लाल पेटले. हेच क्युप्रस ऑक्साइड. कोळशाखालच्या नगात ते शोधावे लागले.

नंतर कणांच्या कडा उठून दिसाव्यात म्हणून फेरिक क्लोराइडने पृष्ठभाग हलकासा खाऊ दिला आणि आरे जिथे मिळतात ती जागा पाहिली. डाखाची रेघ नाही, कण एका आऱ्यातून दुसऱ्यात सलग गेलेले. बाहेरून मात्र एकावर एक दाबलेल्या काड्या स्पष्ट दिसतात. सांधा मेणात होता, धातूत नाही. मूळ ताइताबद्दलचा निष्कर्षही हाच आहे, पण स्वतःच्या नगात तो दिसल्यावर मला खऱ्या अर्थाने कळला.

पुढचा नग १० टक्के कथील घालून. ते मिश्रण तांब्याच्या १०८५ अंशांच्या बरंच आधी वितळतं, तेव्हा आरे आणखी बारीक वळून बघणार आहे.