किल्ल्याला निवेदक कुठे असतो?

एम.ए.ला कथनमीमांसा, म्हणजे गोष्ट कशी सांगितली जाते याचा अभ्यास, शिकले तेव्हापासूनची एक खोड आहे. कुणी काही सांगू लागलं की मी आधी निवेदक शोधते. कीर्तनात, बातम्यांत, खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या पाण्याच्या तक्रारीतसुद्धा. त्यामुळे परवा भाचा 'राजी' खेळत बसला होता तेव्हा विचारलंच, "हे सांगतंय कोण रे?"

"दुर्गा आणि विष्णू. मावशी, थांब ना जरा, मरेन मी."

आणि मेला.

'राजी' हा आपल्या पुण्यातच तयार झालेला गेम, २०२० सालचा. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघालेली मुलगी, आणि वरून तिच्याबद्दल बोलणारे देव. इथवर सगळं माझ्या ओळखीचं. पण भाचा एकाच कड्यावरून सात वेळा पडला आणि दर वेळी थोडं मागून पुन्हा सुरू, जणू राजी कधी पडलीच नव्हती! कीर्तनकारबुवांनी अभिमन्यूला असा सात वेळा मारून उठवला असता तर मंडळी चपला शोधू लागली असती. एकदा घडलेलं अनेकदा सांगणं, अनेकदा घडलेलं एकदाच सांगणं, हे सगळे प्रकार जेरार जेनेत या फ्रेंच कथनमीमांसकाने मांडून ठेवलेत. घडलं आणि घडलंच नाही, याला त्याच्याकडे खण नाही.

गेम ही गोष्ट मानायची की नाही, यावरून अभ्यासकांत चांगलीच जुंपली होती. जॅनेट मरे यांना १९९७ साली टेट्रिस या गेमच्या कोसळत्या ठोकळ्यांत कामाने पिचलेल्या अमेरिकनांचं आयुष्य दिसलं. (ठोकळे जन्मले मॉस्कोत, ते असो.) त्यावर मार्कु एस्केलिनेन म्हणाले, मी तुमच्याकडे चेंडू फेकला तर तो खाली टाकून आता हा गोष्ट सांगेल म्हणून तुम्ही वाट बघत बसाल का? शिक्षणाने मी मरेबाईंच्या पक्षातली, पण चेंडूपुढे बोलती बंद झाली.

मला सोडवलं ते माध्यमांचे अभ्यासक हेन्री जेन्किन्स यांच्या २००४ सालच्या एका निबंधाने. गेम रचणारा गोष्ट सांगण्यापेक्षा जागा बांधतो, असं त्यांचं म्हणणं. वाचताना डोळ्यांसमोर आला तो आमच्या सोसायटीतला दिवाळीचा किल्ला. विटा रचून वर गोणपाट, त्यावर चिखल, उतारावर पेरलेले अळीव. कसब्यातल्या कुंभारवाड्यातून आणलेले मावळे, गुहेत मावळ्याच्या दुप्पट वाघ, दरवाज्याच्या आत एक गवळण. पोरांनी गोष्ट म्हणून काहीच ठरवलेलं नव्हतं. पण येणारा प्रत्येक जण आपली घेऊन जायचा. एक आजोबा तर गवळणीकडे बघून हळहळले, "दरवाजा लागला की ही उतरणार कुठून?" हिरकणी त्यांनी मनातून आणली होती, किल्ल्याने फक्त दरवाजा आणि कडा दिला.

भाचा तेव्हा सहा वर्षांचा. त्याच्या एका मावळ्याचा पाय मोडला होता, उभा राहीना, म्हणून त्याने तो पायथ्याशी आडवा ठेवलेला.

"मेला का रे हा?" मी विचारलं.

"छे. पडलाय. उद्या परत चढेल."